गारबेट पठाराच्या ट्रेकला शेवटच्या माणसामागे तुमचे कुणीच नव्हते

दिनांक: २८ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: १३ जुलै २०२५ चा भिवपुरी–गारबेट–माथेरान ट्रेक, सेवेतील त्रुटी व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

या ट्रेकसाठी मी माझे व माझ्या अकरावीतल्या भाच्याचे, प्रत्येकी ९९९ रुपये भरून बुकिंग केले होते. ट्रेकनंतर फोनवर केलेल्या तक्रारीला तुमच्या कार्यालयाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी आल्या. ट्रेक स्वतःच्या जबाबदारीवर असतो हे फॉर्मवर लिहिलेले आहे, आणि पुढच्या ट्रेकला २०० रुपये सवलत देऊ. सवलत नको. उत्तर हवे आहे, म्हणून हे पत्र.

पाऊस, चिखल, धुके, जळवा यांबद्दल माझी काडीइतकीही तक्रार नाही. जुलैत गारबेटला जाणाऱ्याने ऊन मागू नये. तक्रार इतकीच, की पन्नासच्या आसपास माणसांना तुम्ही दोन लीडर दिले आणि ते दोघेही पुढे चालत होते. जाहिरातीत दर दहा जणांमागे एक लीडर लिहिले होते. भिवपुरी रोड स्टेशनबाहेर निघताना माणसे मोजलीसुद्धा नाहीत; ग्रुप फोटो मात्र तीनदा काढला.

पाली-भुतिवली धरणाच्या बाजूने चढताना हे खपून गेले, कारण पुढच्याच्या पाठोपाठ चालता येते. खरी अडचण पठारावर येते. गारबेट म्हणजे माथेरानच्या पूर्वेला पसरलेली लांब सोंड. उघडीप असेल तर समोर माथेरानचा डोंगर दिसतो आणि चुकायला फारसे कारण उरत नाही. त्या दिवशी दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. गवतात जिकडेतिकडे ढोरवाटा. त्यातली कुठली वर जाते आणि कुठली कड्याच्या तोंडाशी नेऊन सोडते, हे तिथे रोज गुरे चारणाऱ्यालाच ठाऊक. असा स्थानिक वाटाड्या तुम्ही घेतला नव्हता. वाचवलेले ते पैसे किती असतील, याचा मी अंदाज करून पाहिला. दोन जणांच्या नाश्त्याचे.

बॅचमधल्या एका ताईंचा पाय ओढा ओलांडताना मुरगळला. त्यांच्यासोबत आम्ही सहा-सात जण मागे राहिलो. क्रेप बँडेज पुढे गेलेल्या लीडरच्या सॅकमध्ये आणि मुरगळलेला पाय मागे! ओढणी फाडून पाय बांधला. भाच्याने बराच वेळ शिट्टी वाजवली, हाका मारल्या. अखेर उत्तर आले ते खालच्या वाडीतल्या एका गुराखीदादांचे. त्यांनी गारबेट पॉइंटपर्यंत आणून सोडले. त्यांना आम्ही ३०० रुपये दिले. त्या दिवशीच्या खर्चातले तेवढेच सत्कारणी लागले, असे माझे मत आहे.

वाटेत एकदा लीडरचा फोन लागला. त्याचे शब्द असे: “मॅडम, तुम्ही वर पोचा, मी कॅब बोलावतो.” माथेरानात दस्तुरी नाक्याच्या आत खासगी मोटारीला बंदी आहे, ही गोष्ट मुंबई-ठाण्याच्या शाळेतल्या सहलीच्या पोरांनाही माहीत असते. माथेरानचा ट्रेक विकणाऱ्या कंपनीच्या लीडरला ती माहीत नव्हती. म्हणजे जखमी माणसाला तिथून खाली कसे न्यायचे, याचा विचार तुमच्याकडे कोणी केलेलाच नव्हता. शेवटी मुख्य रस्त्याला लागल्यावर दस्तुरीकडे परतणारे एक घोडेवाले भेटले. ताई घोड्यावर, आम्ही मागून चिखल तुडवत. दस्तुरीला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. नेरळपर्यंत सोडणारी तुमची गाडी पुढच्या मंडळींना घेऊन केव्हाच निघून गेली होती. पावसाळ्यात नेरळ ते दस्तुरीजवळचे अमन लॉज स्टेशन ही मिनी ट्रेन बंद असते, त्यामुळे टॅक्सीशिवाय इलाज नव्हता. आमच्या दोघांच्या वाट्याला २४० रुपये आले.

आता फॉर्मविषयी. डोंगराची जोखीम मी सही करून घेतली, ती मला मान्य आहे. जाहिरातीत कबूल केलेले लीडर न देण्याची मुभा त्या सहीने तुम्हाला मिळत नाही. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण काढले आहे. त्यानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तुमच्या वेबसाइटवर नोंदणी क्रमांक मला सापडला नाही. असल्यास कळवावा. त्या दिवशीच्या दोन्ही लीडरनी प्रथमोपचाराचे व गिर्यारोहणाचे कोणते प्रशिक्षण घेतले आहे, हेही लेखी कळवावे. त्या मुलांना कामावरून काढून मात्र प्रकरण मिटवू नका. त्यातला धाकटा दुसऱ्या दिवशी स्वतःहून ताईंची चौकशी करत होता. कार्यालयातून एकही फोन आला नाही. पन्नास माणसे दोघांच्या गळ्यात बांधण्याचा निर्णय त्या पोरांचा नव्हता.

आणखी एक. धरणाजवळचा माझ्या भाच्याचा फोटो तुम्ही ऑगस्टच्या बॅचच्या जाहिरातीत वापरला आहे. तो अठरा वर्षांचा नाही आणि आम्हाला कोणी विचारलेले नाही. फोटो आजच काढावा.

दोघांचे शुल्क १,९९८ रुपये, टॅक्सीचे २४० आणि वाटाड्याचे ३००, असे एकूण २,५३८ रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत बुकिंगच्या खात्यावर परत करावेत. घोड्याचे भाडे ताईंनी दिले आहे, त्याबद्दल त्या स्वतंत्रपणे लिहिणार आहेत. मुदतीत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि तिथे न भागल्यास ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, आणि एवढ्या रकमेला तिथे फी लागत नाही. रक्कम लहान आहे म्हणून मी कंटाळून सोडून देईन, असा हिशेब कोणी केला असेल तर तो चुकीचा आहे.

सोबत: बुकिंगची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरील उत्तर व टॅक्सीचे पैसे दिल्याची नोंद.

आपली,
तक्रारदार ग्राहक
डोंबिवली