चेहरा जुळो न जुळो, आहार मिळालाच पाहिजे: महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदया,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माणसे मोबाईल आणि ॲप प्रत्यक्षात कशी वापरतात, कुठे अडतात, अडल्यावर काय वाट काढतात, याचा अभ्यास करणे हे माझे काम आहे. त्या कामाच्या निमित्ताने मी पालघर जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांत सेविकांच्या शेजारी बसले आहे. तिथे जे दिसले ते आपल्यापर्यंत पोचावे म्हणून हे पत्र.

1 जुलै 2025 पासून टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार, देताना पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदी ठेवायच्या केंद्र सरकारच्या ॲपवर, चेहरा पडताळणी सक्तीची झाली. आधी लाभार्थीची आधारवरून ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन खातरजमा, त्यासाठी मोबाईलवर ओटीपी, मग फोटो, आणि पुढे दर वाटपाला त्या फोटोशी चेहरा जुळवायचा. मंत्रालयात बसून वाचले तर यात अवघड काही वाटत नाही. पाड्यावर मात्र पहिल्याच पायरीला गाडी अडते. घरात मोबाईल एकच, तो नवऱ्याकडे, आणि नवरा भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. सेविका त्याला फोन लावते. तो कामात असतो, उचलत नाही. उचलला तर ओटीपी कुठे बघायचा हे त्याला समजावून सांगावे लागते. आकडे सांगून होईपर्यंत मुदत संपलेली असते, की पुन्हा पहिल्यापासून. एका सेविकेच्या तळहातावर बॉलपेनने लिहिलेले तीन ओटीपी मी पाहिले, तीन वेगवेगळ्या घरांचे.

मग चेहरा. अंगणवाडीची खोली अंधारी, म्हणून आईला दारात उभे करायचे. दारात उभे केले की ऊन पाठीमागून येते आणि स्क्रीनवर चेहरा काळा दिसतो. ॲप सांगते, डोळ्यांची उघडझाप करा. कडेवरचे मूल मोबाईलला हात घालते. आईच्या डोक्यावरचा पदर काढायला सांगावे लागते, तिथे सासू उभी असते. एवढे करून चेहरा जुळला तर रेंज गेलेली असते. या सगळ्यात सेविकेचा जीव मेटाकुटीला येतो आणि बोलणी तिलाच खावी लागतात, आईचीही आणि सुपरवायझरचीही.

आता जे सांगते ते आपल्या विभागाने विशेष लक्ष देऊन वाचावे अशी विनंती आहे. पाड्यावर रेंज नाही म्हणून सेविका आहार एका दिवशी वाटतात आणि पडताळणी दुसऱ्या दिवशी, बायकांना रेंज असलेल्या टेकाडावर बोलावून करतात. म्हणजे वरच्या अधिकाऱ्यांना डॅशबोर्डवर, आकडे दाखवणाऱ्या पडद्यावर, दिसणारी वाटपाची तारीख खरी नसते. यात लबाडी नाही. मूल उपाशी राहू नये आणि नोंदही व्हावी, या दोन्हींचा मेळ त्या बाईने घातला आहे. पण गळती थांबवायला आणलेल्या व्यवस्थेतच चुकीची माहिती भरली जाते आहे, आणि ती भरली जाते हे वर कुणाला दिसत नाही.

हे दिसावे कसे, याचे शास्त्र आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पालो आल्टोतल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ल्युसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी दोन-दोन माणसांना मिळून एका नव्या यंत्रावर कॉपी काढायला लावल्या आणि त्याचे व्हिडिओ टिपले. त्या माणसांत नावाजलेले संगणकशास्त्रज्ञही होते, आणि तेही पाठपोट कॉपी काढताना गोंधळले. यंत्र बनवणाऱ्याने मनाशी धरलेला क्रम आणि माणसासमोरची परिस्थिती यांत किती अंतर असते ते त्या चित्रीकरणात स्पष्ट दिसले. संगणकशास्त्रज्ञ अडले तेव्हा दोष यंत्राच्या रचनेत शोधला गेला. सेविका अडली की तिला प्रशिक्षणाला पाठवतात किंवा नोटीस देतात, याचे मला फार वाईट वाटते.

असे काम करणारी माणसे आपल्याच राज्यात आहेत. आयआयटी मुंबईत 1969 पासून आयडीसी ही डिझाइनची संस्था आहे. तिथे प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वरचक्र हा कीबोर्ड केला. व्यंजनावर बोट टेकवले की भोवती चक्र उमटते आणि त्यातून का, की, कु निवडता येते. मराठीत कधी टाइप न केलेल्या माणसांच्या हातात तो देऊन, ती कुठे चुकतात हे पाहून त्याची पारख केली गेली. पोषण ट्रॅकर 2021 च्या मार्चमध्ये आला तेव्हा असे काही झाले असते, तर मराठीतून ॲप द्या या मागणीसाठी सेविकांना भांडावे लागले नसते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी 2 जीबी रॅमचे, सतत अडकणारे सरकारी मोबाईल बालविकास प्रकल्प कार्यालयांत परत केले. आंदोलन म्हणून त्याच्या बातम्या झाल्या. मला विचाराल तर ॲप आणि मोबाईल कुठे कमी पडतात याचा तो सर्वांत मोठा अहवाल होता, आणि तो अहवाल म्हणून कुणी वाचला नाही.

ॲप केंद्राचे आहे, हे मला ठाऊक आहे. पण वाटप आपले आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना, सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकांना अंगणवाडीतून मिळणारा आहार हा 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. आधार नाही म्हणून मुलाचा लाभ रोखता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर 2018 च्या निकालात म्हटले आहे. तेव्हा आपण लेखी आदेश काढावा: चेहरा जुळो न जुळो, आहार त्याच वेळी हातात द्यायचा, नोंद वहीत करायची, आणि पडताळणी राहिली म्हणून सेविकेचे मानधन किंवा प्रोत्साहन भत्ता कापायचा नाही. तोंडी सूचना नको. सुपरवायझर तोंडी सूचनेवर विसंबत नाहीत, आणि त्यांचेही बरोबर आहे.

दुसरे, पडताळणी किती वेळा फसली आणि का फसली, रेंज, ओटीपी, उजेड की आधारवरचे वेगळे नाव, हे प्रकल्पनिहाय मोजून जाहीर करा. आज यशस्वी पडताळणीची टक्केवारी जिल्ह्याजिल्ह्यांत चढाओढीने दाखवली जाते. फसलेल्या प्रयत्नांना तिथे रकाना नाही.

तिसरी विनंती मला सर्वांत जवळची आहे. ॲपमधला पुढचा कोणताही बदल सक्तीचा करण्याआधी तो सेविकांच्या हातात, त्यांच्याच मोबाईलवर, त्यांच्याच पाड्यावर तपासून पाहा, आणि ही अट केंद्राकडेही लावून धरा. याला फार पैसा लागत नाही. प्रत्येक विभागातल्या चार-पाच अंगणवाड्या, शेजारी गप्प बसून टिपणे काढणारी दोन माणसे आणि थोडे आठवडे एवढ्यात मोठ्या अडचणी उघड्या पडतात. तपासायला शहराजवळची आदर्श अंगणवाडी निवडू नये. धडगाव, मोखाडा, चिखलदरा इथून सुरुवात करावी, तीही टीएचआर वाटपाच्या दिवशी. शक्य झाले तर आपणही एका दिवशी यावे, ताफा न घेता. सेविका ॲप उघडेल तेव्हा तिला काही विचारू नये, फक्त तिच्या स्क्रीनकडे बघावे.

आपली,
एक डिझाइन संशोधक