पुसलेला आयपॉड आणि घाईची दुरुस्ती

संपादक महोदय,

गाणी साठवून ऐकण्याचे आयपॉड हे यंत्र ॲपलने २०२२ साली बंद केले, तरी २००१ पासून विकली गेलेली ही यंत्रे अजून अनेकांच्या वापरात आहेत. त्यातील गाण्यांचा साठा चुकून पुसला गेला, की दुरुस्तीच्या दुकानांत पुष्कळदा आधी आयट्यून्स या ॲपलच्या सॉफ्टवेअरमधून ‘रिस्टोअर’ केले जाते (म्हणजे यंत्र मूळच्या कोऱ्या स्थितीत आणले जाते), हे मला चुकीचे वाटते. त्याने यंत्र चालू होते, गाणी परत येत नाहीत. उलट डिस्कची नव्याने मांडणी होऊन उरलीसुरली शक्यताही घटते.

हार्ड डिस्क असलेल्या आयपॉड क्लासिकसारख्या यंत्रात झटपट फॉरमॅटने केवळ फायलींची नोंदवही कोरी होते. प्रत्यक्ष गाणी, त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, डिस्कवर शाबूत असतात. म्हणून आधी आपोआप सिंक होण्याची (संगणकाला जोडताच तिथली गाणी यंत्रात उतरण्याची) सोय बंद करावी, मग संपूर्ण डिस्कची प्रत संगणकावर काढावी आणि त्या प्रतीवरच फोटोरेकसारखे मोफत सॉफ्टवेअर चालवावे (नाव छायाचित्रांचे असले, तरी ते एमपी३ही शोधते). सापडलेल्या फायलींना मूळ नावे नसतात, पण त्याने फारसे बिघडत नाही, कारण गायक आणि अल्बमची माहिती सहसा फायलीतील टॅगमध्येच असते.

ज्यांच्याकडे मूळ सीडी आहेत त्यांना हा खटाटोप नको. घरगुती मैफलींची एकमेव ध्वनिमुद्रणे ज्यात होती, असे यंत्र मात्र ग्राहकाला स्पष्ट विचारल्याशिवाय दुकानदारांनी रिस्टोअर करू नये.

– एक वाचक, पुणे