मागून टाकलेले चार नांगर

हर्णै, १२ जुलै

प्रिय सुध्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले. पाऊस असा लागलाय की संध्याकाळी लाइट टिकतच नाही. त्यात आमच्याकडची पत्रपेटी म्हणजे एक छत्री नसलेली विधवा. असो.

‘बायबल कुठवर आलं?’ असं विचारलंयस. तुझ्या डोक्यात तुझ्या आईचा गुरुचरित्राचा सप्ताह असणार. आमच्याकडे सात दिवसांत आटपत नाही रे. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात पार पडतं. हे गणित मांडून मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा तिसऱ्याच पुस्तकात, लेवीयात, रुतलो. होमार्पण, अन्नार्पण, कातडीवरचे चट्टे, आणि चक्क घराच्या भिंतीवरच्या बुरशीचेही नियम! खरवडूनही बुरशी परत आली तर घर पाडायचं. त्या याजकाने आमची मागची पडवी बघितली असती तर आज मी उघड्यावर असतो. आईच्या बायबलात नेमकी हीच पानं कसरीने खाल्लीत. म्हणजे घरात कुणीतरी लेवीय मन लावून वाचलंय.

यंदा गणित सोडलं. जिथे अडेल तिथे थांबायचं. आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावच्या ना. वा. टिळकांचं काय झालं होतं? आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार हातात ठेवला. वाचेन म्हणून शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतला, तो मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनात, अडकले ते अडकलेच. १८९५ साली बाप्तिस्मा. त्यांनी कुठे रोजचे तीन अध्याय मोजले होते!

अडायला मलाही पुष्कळ जागा मिळाल्या. १३७वं स्तोत्र घे. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारी माणसं, झाडांना टांगलेल्या वीणा. हे सगळं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. शेवटची ओळ मात्र कुणी वाचून दाखवली नव्हती. शत्रूची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय तिथे. ती ओळ मी मोठ्याने वाचली, पण पुढे ‘आमेन’ म्हणायला जीभ वळली नाही. त्या रात्री तसाच झोपलो.

आता खरी गंमत. मी पडवीत मोठ्याने वाचतो, आणि ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असल्यामुळे शेजारचे तांडेल (होडीचे म्होरके) आबा जाळं तुणत समोर बसलेले असतात. वाचत होतो प्रेषितांची कृत्ये, २७वा अध्याय. कैदेतल्या प्रेषित पौलाला तारवातून, म्हणजे जहाजातून, रोमला नेतायत. हंगाम उलटून गेलाय, पुढे जाऊ नका, असं पौल सांगतो. शताधिपती, म्हणजे सोबतचा रोमन अधिकारी, ऐकतो तांडेलाचं आणि तारवाच्या मालकाचं.

आबांची सुई थांबली. “तांडेल असं बोलनार नाय. मालक बाजूला उभा असेल म्हनून बोलला.”

पन्नास वर्षं हा अध्याय ऐकतोय, पण त्या तांडेलाची बाजू घेणारा माणूस पहिल्यांदा भेटला.

मग वादळ. चौदाव्या रात्री मध्यरात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा वास लागतो. खोली मोजायचं बुडीद सोडतात तर वीस वाव पाणी, थोडं पुढे पंधरा. मग तारवाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकतात. हे मागून का, ते मला कधीच कळलं नव्हतं; खरं तर प्रश्नच पडला नव्हता. आबा हसले. “पुढून टाकला तर तारू वाऱ्याकडं तोंड फिरवील. मागून टाकला की तोंड जमिनीकडंच राहतं. उजाडलं की दोर कापायचे नि सरळ वाळूत घुसवायचं.” पुढची वचनं वाचली तर शब्दशः तेच! नांगर तोडून समुद्रात सोडले, शीड उभारलं, तारू किनाऱ्याकडे हाकारलं.

अंगावर काटा आला, सुध्या. इतकी वर्षं माझा पौल व्यासपीठावर उभा होता. परवा तो पहिल्यांदा भिजलेला दिसला. चौदा दिवसांच्या उपाशी माणसांसमोर त्या काळोखात त्याने भाकरी घेतली, देवाचे उपकार मानले, मोडली आणि स्वतः खायला लागला. मग बाकीच्यांनाही धीर आला. तारवात एकंदर २७६ जण. मी हल्ली रात्री जेवायला बसलो की उपकार मानताना घाई करत नाही, एवढाच काय तो फरक.

“मग? वाचली मानसं?” आबांनी विचारलं.

सगळी वाचली म्हटलं. पोहता येणारे पोहत, बाकीचे फळ्यांवर. तारू मात्र फुटलं.

“आनि मालक?”

मी मागेपुढे पानं चाळली. मालकाचं पुढे काहीच लिहिलेलं नाही. आबांना ते पटलं नाही. उद्या २८वा काढायचाय, त्यात बघू म्हणालेत.

गणपतीच्या आधी ये. तोवर बाजार सुरू झाला असेल, आणि आबांनाही भेटशील.

तुझा,
भास्कर