सर्दी-तापात जुलाब झाले तर आधी ओआरएस द्या, बंद करायची गोळी नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की पुण्यात घरोघरी सर्दी, खोकला, ताप चालू होतो आणि पेपरात त्याच्या बातम्याही येतात, पण त्याच तापात पोट पण बिघडतं याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी नोकरीभर लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते, आता रिटायर आहे, पण सोसायटीतल्या पोरी अजून विचारायला येतात आणि प्रश्न एकच असतो, "सिस्टर, ताप तर सर्दीचाच वाटतोय, बाहेरचं काही खाल्लं पण नाही, मग याला उलट्या-जुलाब कशाने?"

अगं, बाहेरचं खायलाच पाहिजे असं काही नाही. फ्लूमध्ये लहान मुलांना उलट्या-जुलाब होतात, मोठ्यांपेक्षा जास्त होतात. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीला रांगा लागल्या, तेव्हाही बऱ्याच पेशंटना खोकल्याबरोबर हा त्रास होता. कोविडचं तर कारणच समजलं, तो विषाणू शरीरात शिरताना पेशीवरच्या ज्या एसीई-२ नावाच्या प्रोटीनला चिकटतो ते फुफ्फुसात आहे तसंच लहान आतड्यातही भरपूर आहे, म्हणून काही जणांचं आधी पोट बिघडलं आणि खोकला मागून आला. शिवाय लहान मुलं कफ थुंकत नाहीत, गिळतात, आणि खोकल्याची उबळ आली की पोटातलं सगळं बाहेर येतं.

त्यामुळे घरात एकाला सर्दी, दुसऱ्याला ताप आणि तिसऱ्याला नुसते जुलाब असतील तर ते एकच इन्फेक्शन असू शकतं. जुलाबवाल्यानेसुद्धा मास्क लावावा, आजी-आजोबांपासून जरा लांब झोपावं, आणि संडासहून आल्यावर साबणानेच हात धुवावेत कारण कोविडसारखे काही विषाणू शौचातूनही बाहेर पडतात.

आता पुण्यात जुलाब म्हटलं की लोक घाबरतात ते मला समजतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे इन्फेक्शननंतर शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात तो आजार) पेशंट निघाले, कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला, पाण्यावर संशय आला. पाणी उकळून प्यायची सवय तेव्हापासून लागलीये ती सोडू नकाच. पण प्रत्येक जुलाब जीबीएस नसतो. मात्र सर्दी-ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी, अगदी दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा, पायात मुंग्या यायला लागल्या, जिना चढवेना, हातातली वस्तू धरवेना, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

माझी खरी तळमळ पुढच्या गोष्टीसाठी आहे. मेडिकलमध्ये जाऊन "जुलाब बंद व्हायची गोळी द्या आणि एक अँटिबायोटिक द्या" असं लोक सर्रास मागतात आणि मिळतं पण. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, उलट त्यातल्या कितीतरी गोळ्यांनीच जुलाब होतात म्हणजे आधीच बिघडलेलं पोट अजून बिघडतं. आणि जुलाब थांबवायची गोळी लहान मुलांना तर अजिबात द्यायची नाही, आतडं सुस्त पडून पोट फुगतं. तापाला डॉक्टर सांगतील त्या डोसमध्ये पॅरासिटामॉल पुरतं, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलर किडनीला जड जातात.

जीव वाचवतं ते पाणी आणि मीठ. ओआरएसचं साधारण २१ ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाकायचं, अर्धं पाकीट ग्लासात असं अंदाजाने नाही, आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मीठ जास्त पडू द्यायचं नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमचा-चमचा पाजायचं, गटागट प्यायला दिलं की ते उलटणारच. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, मोठ्या मुलांना १०० ते २०० मिली. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे, त्यातल्या साखरेने जुलाब वाढतात, म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. शहाळं चांगलं पण त्यात मीठ कमी असतं, नुसत्या शहाळ्यावर राहू नका.

उपाशी ठेवायची पद्धत पण बंद करा. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, बाकीच्यांना पेज, मेतकूट-भात, मुगाची खिचडी, केळं, ताजं ताक, जे जाईल ते थोडं थोडं. मुलांसाठी झिंक डॉक्टरांना आठवणीने विचारा.

सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, डोळे खोल गेलेत, मूल मलूल पडलंय, शौचात रक्त, किंवा श्वास भराभर चालतोय, तर घरी बसू नका. म्हाताऱ्या माणसांचं आणि डायबेटिस, बीपीवाल्यांचं जास्त बघावं लागतं, जुलाब चालू असताना लघवी वाढवायची गोळी आणि शुगरच्या काही गोळ्या तशाच घ्यायच्या का ते त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा.

तुम्हाला विनंती एवढीच की पावसाळा संपेपर्यंत आठवड्यातून एकदा शहराच्या पानावर ओआरएस करायची रीत आणि हॉस्पिटल गाठायची लक्षणं चौकटीत छापा, कात्रण काढून फ्रीजवर लावता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
कोथरूड, पुणे