आमच्या मॉन्स्टेराला आधार देणाऱ्या आबांना

ती. आबांना सा. नमस्कार,

आगरातली मिरवेलींची कामं टाकून तुम्ही आमच्या माजघरातल्या कुंडीपाशी येऊन बसलात, त्याबद्दल हे जाहीर आभार. गुहागरात तुम्हाला कोण ओळखत नाही? पण घरातल्या शोभेच्या झाडांतलंही तुम्हाला कळतं, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

पुण्याहून सामानाबरोबर आलेली ही मॉन्स्टेराची वेल, मोठ्या चिरलेल्या पानांसाठी हौसेनं लावतात ती, इथे जमिनीवर लोळत पडली होती. पानं लहान आणि अखंड, पेरं लांबलचक. खताचे सल्ले पुष्कळ मिळाले. तुम्ही खताचं नावही न काढता विचारलंत, "हिला चढायला काय दिलंत?"

मेक्सिकोच्या दक्षिणेपासून पनामापर्यंतच्या जंगलांत मॉन्स्टेरा झाडांवर चढतो, हे मी नंतर वाचलं. या जातकुळीतल्या काही वेलींची कोवळी रोपं तर उजेड सोडून अंधाराकडे सरपटतात, कारण जाड बुंधा तिकडे असतो! तुम्ही हे वाचलेलं नव्हतं. पोफळीवर मिरी चढवताना जे पाहिलंत तेच इथे लावलंत. बाटलीतल्या मनी प्लँटचं पान तळहाताएवढंच राहतं आणि तोच माडावर चढला की पान सुपाएवढं होतं, हे आपण सगळेच बघतो. त्यावरून कुंडीचा विचार करणारे तुम्ही एकटे.

पोफळीची रीप, तिच्याभोवती नारळाच्या सोडणाचा काथ्या, वरून सुंभ. काथ्या आधी दोन-तीन पाण्यांतून काढायला लावलात, खार निघून जावा म्हणून. खोड बांधायचं, पण देठ मोकळे ठेवायचे, पानाला उजेडाकडे वळता यायला हवं. हवेत लोंबणारी मुळं कापायची नाहीत, ओल्या काथ्याकडे वळवायची. कुंडी पूर्वेच्या खिडकीशी आली. (आमच्या पडव्या इतक्या खोल की माजघरात भरदुपारी दिवा लावावा लागतो. तिथे झाड जगतं, वाढत नाही.)

पाणी रोज की दिवसाआड, हा वादच तुम्ही मोडीत काढलात. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा. पावसाळ्यात हवा इतकी दमट की कुंडी सुकतच नाही, आणि मुळं कुजतात ती तेव्हाच. विहीर मचूळ झाली की पानांच्या कडा करपतात, त्यासाठी झाकणाच्या पिंपात पागोळ्यांचं पाणी साठवायचं, हेही तुमचंच.

वाचणाऱ्यांसाठी एक सांगते: ही वेल अळूच्याच कुळातली. पान चावलं तर तोंडाची आग होते, तेव्हा घरात रांगतं मूल असेल तर जपून. आमच्या धाकटीला तुम्ही पहिल्याच दिवशी दरडावलंत, ते बरं केलंत.

नव्या पानांना चिरा पडायला लागल्यात आणि शेंडा रिपेच्या टोकाला पोचलाय. आगोटीची कामं आटपली की आणखी एक रीप घेऊन या. काथ्या मी धुऊन ठेवते.

आपली,
खालच्या पाटातली शेजारीण