‘वाजवी’ म्हणजे आठवड्यातून किती वेळा, मंत्रीमहोदय?

मा. केंद्रीय कायदामंत्री यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात एका समुपदेशन केंद्रात पहिल्यांदा तोंड उघडलं. इच्छा नसते, तरी नवऱ्याजवळ जावं लागतं, म्हटलं. समोरच्या बाई फायलीतून मान वर न काढता म्हणाल्या, "ताई, दहा मिनिटांचा तर प्रश्न असतो."

दहा मिनिटं! लग्नाला 22 वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा धरा, 2,288 वेळा. बाळंतपणं, आजारपणं वजा केलेली नाहीत. असू दे, सरकारी हिशेब तरी कुठे पक्के असतात?

मारहाण नाही हो. तो मोबाईल चार्जिंगला लावतो. तो आवाज आला की मी भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखा श्वास लांबवते. कधी खपतं. नाही खपलं तर ‘हो’ म्हणते, कारण ‘नाही’चा भाव मला पाठ आहे. तीन दिवस अबोला, ताट सरकवणं, मुलीच्या फीचा विषय काढला की "बघू". ‘हो’ स्वस्त पडतं.

तुमच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात म्हणे 82 टक्के बायका नवऱ्याला नाही म्हणू शकतात. मीही म्हणू शकते की! पुढचे तीन दिवस कोण मोजतं?

ऑक्टोबर 2024 मध्ये तुमच्या सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. लग्नात जोडीदाराकडून वाजवी शरीरसंबंधांची अपेक्षा असतेच, जबरदस्तीचा हक्क मात्र नाही. वा! पण त्या जबरदस्तीला बलात्कार म्हणणं अतिकठोर. कोणावर कठोर, साहेब? आणि वाजवी म्हणजे किती, ते राजपत्रात छापा ना, कपाटाला चिकटवते.

नवऱ्याने बायकोवर केलेली जबरदस्ती बलात्कार धरायची नाही, असा कायद्यात अपवाद आहे. निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने 2013 मध्येच तो काढा म्हणून सांगितलं होतं. तुम्ही अख्खी दंडसंहिता बदललीत, नाव भारतीय केलंत आणि अपवाद तेवढा जपून कलम 63 मध्ये आणून ठेवलात. खुद्द इंग्लंडने तो 1991 मध्ये मोडीत काढला. इंग्रज गेले, अंथरूण इथेच राहिलं! 1887 मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने लहानपणी लग्न लावून दिलेल्या, नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या. आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम 9, नांदायला या म्हणणारं, आजही शाबूत. पक्ष कोणताही येवो, आमच्या खोलीच्या दाराशी सगळ्यांचं एकमत.

तो अपवाद आणि हे कलम, दोन्ही काढा. मला नवऱ्याला आत टाकायचं नाहीये, माझं ‘हो’ कुठल्याच कायद्यात बसणार नाही हेही कळतं. पण त्या बाईंनी पुढच्या बाईला मिनिटं मोजून दाखवू नयेत.

उत्तर द्यायचं झालंच तर जाहीर द्या. घरी आलेली पाकिटं तो उघडतो.

एक मतदार