गाडी बॅगा नेईल, तुला नाही

प्रिय सोन्या,

इटलीत रोम ते ब्रिंडिझी सायकलने जायचं नक्की झालं, पैसेही भरलेस, छान झालं. पण 'सामानाला गाडी आहे, मेकॅनिक आहे, मुक्काम ठरलेत, मग तयारी कसली?' हे जे तू म्हणालास ना, त्यासाठी हे पत्र. फोनवर तू पाच मिनिटांच्या वर ऐकून घेत नाहीस.

गाडी बॅगा एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला नेते, आणि जाते डांबरी रस्त्याने. तुम्ही जाणार इसवी सनपूर्व ३१२ मध्ये आपियस क्लॉडियस या रोमन अधिकाऱ्याने बांधायला घेतलेल्या आपिया मार्गाने. त्याचे जे तुकडे खरोखर बघण्यासारखे उरलेत, तिथे गाडीला वाटच नाही. म्हणजे सायकल मोडली तर ती बहुतेक तिथेच मोडणार, आणि मेकॅनिक पुढच्या गावात चहा पीत तुमची वाट बघत बसलेला असणार. सकाळी बॅग गाडीत टाकलीस की संध्याकाळपर्यंत लागणारं सगळं तुझ्या सायकलवर असायला हवं.

त्यात पहिली वस्तू, मागच्या गिअरचा हँगर. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, फ्रेमला ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो, तो. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो किंवा तुटतो. तो तसाच बनवलेला असतो, म्हणजे फ्रेम वाचते. पण प्रत्येक कंपनीचा, कधी कधी प्रत्येक मॉडेलचा, हँगर वेगळा. मेकॅनिककडे ट्यूबा असतील, चेन असेल, केबल असतील. तुझ्या फ्रेमचा हँगर असण्याची शक्यता फार कमी. आणि तो नसला तर राहिलेले दिवस तू गाडीत बॅगांच्या शेजारी बसून जाशील. एक मागव आणि फ्रेमच्या पिशवीत चिकटपट्टीने आतून चिकटवून टाक. ब्रेक पॅडचा एक जोड, चेनची जोडकडी (तुझ्या चेनच्या स्पीडचीच, म्हणजे मागे जितके गिअर तितक्यांसाठीची), पंप, एक ट्यूब, मल्टिटूल. झालं. बाकीची हत्यारं गाडीत जाऊ देत.

आता टायर. रोमबाहेर जिथे जुनी फरसबंदी उघडी आहे, तिथले दगड बसाल्टचे, मोठाले, वरून झिजून गुळगुळीत झालेले, आणि दोन दगडांमधल्या फटी बोटभर नाही, चांगल्या हातभर वाटाव्यात अशा. काही ठिकाणी गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या अजून दिसतात. त्यांना समांतर जाऊ नकोस, चाक अडकतं. ओलांडायचीच तर तिरकी ओलांड. पाऊस असेल तर सरळ उतर आणि ढकलत ने, कोणी हसलं तर हसू दे. कडेने मातीची पायवाट असते, शहाणे लोक तिच्यावरून जातात. टायर ४० मिलिमीटरच्या आतला नको, फ्रेममध्ये बसत असेल तर ४५ चा घाल. ट्यूबलेस करून घे, म्हणजे हवा कमी ठेवता येईल. ट्यूब असली की कमी हवेवर ती रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते.

तुला वाटतं चढ दमवतील. मला भीती सपाटीची आहे. वाटेतल्या टेराचिना गावाच्या आधी जवळजवळ ४० किलोमीटर रस्ता सरळसोट, दलदलीतलं पाणी काढून कोरड्या केलेल्या मैदानातून. चढावर माणूस उभा राहतो, जागा बदलतो. सपाटीवर तासन्तास एकाच हाडावर बसतो. म्हणून सीट आत्ताच ठरव आणि निघेपर्यंत तिला हात लावू नकोस. पॅडची चड्डी आतल्या चड्डीशिवाय घालायची, हे तुला सांगायला मला संकोच नाही, तुला ऐकायला असेल. करंगळी बधिर व्हायला लागली तर हँडल धरायची जागा लगेच बदल; तळव्यातली नस दाबली जात असते, आणि नुसतं सोसत राहिलं तर मुंग्या आठवडेच्या आठवडे जात नाहीत.

सराव करताना एकाच रविवारी शंभर किलोमीटर मारून फोटो पाठवू नकोस. शनिवारी साठ, रविवारी पुन्हा साठ, तीच पिशव्या लावलेली सायकल घेऊन. रविवारी सकाळी सीटवर बसताना तोंड वाकडं होतं का ते बघ. तिसऱ्या दिवशी काय होणार ते तेव्हा कळेल. सायकलवर असताना भूक लागायची वाट न बघता दर अर्ध्या-पाऊण तासाला काहीतरी खायची सवयही याच फेऱ्यांत लाव.

टेराचिनाला थांबा. मूळ रस्ता तिथे डोंगरावरून, ज्युपिटरच्या देवळाजवळून जायचा. पुढे सम्राट ट्राजनच्या काळात चढ टाळण्यासाठी समुद्राकाठचा कडाच वरपासून खालपर्यंत तासला. किती खोल आलो, ते कारागिरांनी दर दहा रोमन फुटांवर खडकात आकडे कोरून ठेवलंय. सगळ्यात खाली, रस्त्याच्या जवळ, १२० चा. मान वर करून एकेक आकडा शोध. तुमचा म्होरक्या घाई करेल, करू दे. २०२४ मध्ये हा मार्ग जागतिक वारसा यादीत गेला, तोही दिल्लीत भरलेल्या बैठकीत, एवढं त्याला सांग, तेवढ्यात तुझे चार आकडे बघून होतील.

घोळक्याचं एकच सांगते. दगडांवर कोणाच्या चाकाला चिकटून जाऊ नकोस; पुढचा कधी थबकेल सांगता येत नाही, आणि त्याच्या आडोशाने वाचणारा वारा त्या वेगाला काही कामाचाही नसतो. मार्ग फोनमध्ये इंटरनेटशिवाय उघडेल असा उतरवून ठेव, म्हणजे मागे पडलास तरी दुसऱ्यांच्या वेगाने जीव काढावा लागणार नाही. तिथला आणीबाणीचा नंबर ११२.

फ्रेमवर खाली, पेडलजवळ, सिरीयल नंबर असतो. त्याचा आणि हँगरचा जवळून फोटो काढून आज रात्री पाठव. मिळायला कधी कधी तीन-तीन आठवडे लागतात.

तुझी,
आई